जिन प्यायलेला सिंथेसायझर

सेकोंदी बंदराच्या बाजारात एकुआ आर्हिनच्या दुकानात गेलेलं यंत्र बरं होऊनच परत येतं, असं सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी ती स्वतः म्हणे. म्हणून ज्यांना सगळे मानानं पापा म्हणत त्या म्हाताऱ्या एसिल्फींनी आपला जुना सिंथेसायझर टॅक्सीत घालून तिच्याकडेच आणला. त्यांची बायको अराबा शवागारात होती. बंदरावरच्या प्रत्येक नाचघरात गायलेल्या त्या बाईचा अंत्यविधी शनिवारी होता आणि तिची गाणी याच यंत्रावर वाजायला हवी होती. यंत्र मात्र मुकं झालं होतं.

एकुआनं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

"पापा, याला दारू कुणी पाजली?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "ती गेली त्या संध्याकाळी मी तिच्या नावानं जिन ओतली."

"जिन जमिनीवर ओततात, पापा! पूर्वज मातीत असतात, सर्किटमध्ये नसतात. तेही यंत्र चालू असताना!"

"ती अजून मातीत कुठंय? मला ती यातच ऐकू येते."

एकुआनं वाद सोडला आणि यंत्रात डोकं घातलं. असं क्वचितच व्हायचं.

डबा ठणठणीत होता, पट्ट्याही चांगल्या होत्या. पण आवाज काढणारी कार्डं जळून गेली होती, आणि तसली कार्डं आता जगात कुणी बनवत नाही. ती मिळणार फक्त दुसऱ्या तशाच यंत्रातून. गावात तसं यंत्र एकाच माणसाकडे होतं, आटो क्वान्सा यांच्याकडे. अराबा आधी त्यांच्या बँडमध्ये गायची. तिथून ती उठली ती थेट एसिल्फींच्या बँडमध्ये आणि मग घरात. तेव्हापासून दोघं म्हातारे एकमेकांना पाण्यात पाहत होते.

"त्याच्या दारात मी मेलो तरी जाणार नाही," एसिल्फी म्हणाले.

"तुम्ही नका जाऊ. मी जाते. मला कसली लाज?"

क्वान्सा अंगणात मासे आणि मक्याच्या पिठाची केंकी खात बसले होते. तिचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी बोटं चाटली. "घेऊन जा. भंगारच आहे. पण अंत्यविधीला देणग्या पुकारतात ना, तेव्हा माझं नाव भोंग्यावर पुकारायचं. मोठ्यानं."

"भंगार देऊन नाव मिरवायचंय मेल्याला!" एसिल्फींनी आकाशपाताळ एक केलं. पण दुसरा उपाय नव्हता. ते हो म्हणाले.

कुठलंही यंत्र उघडण्याआधी वाजवून बघायचं, ही एकुआची पद्धत. क्वान्सांच्या भंगाराला तिनं वीज दिली आणि ती थक्क झाली. एकही सूर हललेला नव्हता. पट्ट्यांवर धुळीचा कण नव्हता. हे यंत्र रोज वाजत होतं. ती तडक परत गेली.

"खोटं का बोललात? जिवंत यंत्र मी फाडत नाही."

"भंगार म्हटलं नसतं तर त्यानं घेतलं असतं?"

"मग तुम्ही काय वाजवणार?"

"माझं राहू दे." क्वान्सांनी तोंड फिरवलं. "अराबा माझ्याकडे गायची तेव्हा रोज म्हणायची, तुझ्या यंत्राचा आवाज कानाला टोचतो. काढ ती कार्डं. शेवटी तरी माझ्याकडचं काहीतरी तिच्या गाण्याला लागू दे."

  एकुआनं दुकानात येऊन कार्डं काढली, एसिल्फींच्या यंत्रात बसवली, यंत्र तापू दिलं, मग एकेक सूर कानानं जुळवत नेला. आपल्याला हे जमणार, याबद्दल तिला शंका नव्हती. एसिल्फींनी पहिली पट्टी दाबली आणि सगळा बाजार वळून बघायला लागला. म्हातारा उभ्या उभ्या रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "भंगारातून बरंच काही निघालं म्हणायचं."

"भंगार नव्हतं, पापा. मी स्क्रू काढेपर्यंत ते गात होतं. रोज."

एसिल्फींनी पट्ट्यांवरून हात फिरवला. यंत्र घेऊन निघून गेले.

शनिवारी पटांगण शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांनी भरलं. भोंग्यावर देणग्या सुरू झाल्या. कुणी कापड दिलं होतं, कुणी पेयांची खोकी. मग निवेदक ओरडला, "पापा क्वान्सा यांच्याकडून, आवाज!" लोक हसले. क्वान्सा मान ताठ करून बसले.

एसिल्फींनी पहिलं गाणं वाजवलं, नीट, न चुकता. मग ते उठले आणि त्यांनी निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

"क्वान्सा, ये. पुढचं तू वाजव."

"मला तिची गाणी येत नाहीत," क्वान्सा जागेवरूनच म्हणाले.

"खोटारड्या! मग इतकी वर्षं घरात बसून रोज काय वाजवत होतास?"

 क्वान्सा उठले, खुर्च्यांमधून वाट काढत आले आणि यंत्रासमोर बसले. त्यांना अराबाचं एकूण एक गाणं येत होतं.