झोपलेलं अळू

पुण्याहून बनशंकरीत येऊन चार महिने झाले, तरी सुचेताचं कानडी दोन शब्दांपलीकडे गेलं नव्हतं: बेकु आणि बेडा. एक म्हणजे पाहिजे, दुसरा म्हणजे नको. नवऱ्याने, अजितने, ते घाईघाईत शिकवले आणि तो व्हाइटफील्डच्या ऑफिसात जो अडकला तो अडकलाच. भाजीसुद्धा ती बोटाने दाखवून घेई. दिवसभर बोलायला माणूस म्हणजे खालच्या घरमालकीण अहल्याक्का. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इथे आलेलं, निम्मं कानडीत मुरलेलं, पण मराठीच. सुचेताला तेवढाच आधार होता.

अक्कांच्या मागच्या पडवीत शोभेची झाडं दाटीवाटीने उभी होती. त्यात मान कॅलेडियमच्या कुंडीचा. पांढरीशुभ्र पानं, हिरव्या शिरा, आकार थेट अळूचा. "याच्या वड्या होतात का हो?" असं सुचेताने पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा अक्का हसून हसून खालीच बसल्या होत्या. कंद त्यांच्या यजमानांनी, भीमाचार्यांनी लावलेला. ते जाऊन सहा वर्षं झाली, पानं मात्र दर उन्हाळ्यात येत राहिली.

नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी म्हैसूरला निघताना अक्कांनी कुंड्या सुचेताच्या हवाली केल्या. "बाकीच्यांना दोन दिवसांनी स्वल्प स्वल्प घाल. हे अळू आता झोपेल, पानं जातील. त्याला पाणी बेडा हं. अगदी बेडा."

सुचेताने मान डोलावली. बेडा म्हणजे दोन्हींतलं कुठलं, हे विचारायला काय जीभ झिजणार होती? पण चार महिन्यांत एवढंही येत नाही, हे कबूल कोण करणार! पाहिजे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

पानं पिवळी पडली, लोळली, गेली. सुचेता पाणी घालत राहिली. दिवसातून चार वेळा जिना उतरायची, माती दाबून बघायची. कोंब दिसत नाही म्हणून आणखी एक तांब्या. जेवता जेवता उठायची.

"अगं, झाड आहे ते, तान्हं बाळ नव्हे," अजित म्हणाला. त्याला बोलायला काय जातंय!

जानेवारीत दारावर भाजीवाली आली. सुचेताला कोथिंबीर हवी होती. ती ऐटीत म्हणाली, "कोत्तंबरी बेडा." भाजीवालीने काढलेली जुडी परत पाटीत टाकली. "बेडा, बेडा!" सुचेताने जोर दिला. "सरी अम्मा, बेडा," म्हणत बाईने पाटी उचलली आणि ती चालू लागली.

सुचेता तशीच उभी राहिली. म्हणजे बेडा म्हणजे नको! धावत पडवीत जाऊन तिने कुंडी उपडी केली. मातीत हाताला लागला तो कंदाचा नुसता लगदा. तो वर्तमानपत्रात गोळा करताना तिला रडू फुटलं.

बाजारातून दुसरा कंद आणून पुरावा, असंही मनात येऊन गेलं. उन्हाळ्यापर्यंत कुणाला कळणार होतं? पण आठवड्याने अक्का फाटकातून आत आल्या आणि त्यांची पिशवी खाली टेकायच्या आतच ती बोलून बसली, "अक्का, मी बेडा म्हणजे पाहिजे समजले. कुजलं सगळं."

तिने पुढे केलेलं वर्तमानपत्राचं पुडकं अक्कांनी उघडून पाहिलं. पदर तोंडाला लावला आणि ते घेऊन त्या आत गेल्या. दार लागलं.

नऊ दिवस त्या बोलल्या नाहीत. नऊ दिवस सुचेता वरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. खाली भांडं वाजलं तरी जिन्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. दहाव्या दिवशी अक्काच वर आल्या. त्यांच्या तळहातावर राखेत घोळलेला, सुपारीएवढा टणक तुकडा होता.

"एवढाच वाचला. कुजकं कापलं, वाळवला. मला परत म्हैसूरला जायचंय, बाळ अशक्त आहे." त्यांनी तळहात पुढे केला. "सांभाळशील? बेकु का बेडा?"

सुचेताने शब्द मनात एकदा तपासला, पुन्हा तपासला.

"बेकु," ती म्हणाली. "बेकु, अक्का."

अक्कांनी तुकडा तिच्या हातावर ठेवला, पण बोटं सोडली नाहीत. "आणि पाणी?"

"बेडा."