मला कुणी पुसेना

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. विमानतळावर गरगर फिरतो तो थोरला नव्हे. मी तळहाताएवढा, काळ्या डबीतला, एका मोटारीच्या पुढच्या बंपरमागे बसवलेला. अकरा वर्षं मी समोर बघतोय. मला पापणी नाही, त्यामुळे डोळा मिटायची सोय नाही. थकलोय, दुसरं काय.

माझं काम ऐकायला सोपं आहे. पुढे लहरी सोडायच्या, त्या कशावर आदळून परत आल्या की पुढची गाडी किती लांब आहे ते ओळखायचं आणि मोटारीला सांगायचं. मग मोटार आपणहून वेग कमी-जास्त करते, चालवणाऱ्याला पाय दाबून धरावा लागत नाही. याला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल असं लांबलचक नाव आहे. कारखान्यात मला लहरी परत फेकणाऱ्या एका धातूच्या तिकोन्यासमोर उभं करून बजावलं होतं, सरळ बघ. माझ्यावर झालेला संस्कार तेवढाच.

मोटार घेतली ती एका चष्मेवाल्या आजोबांनी. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. कुणी येऊन म्हणालं, नीट दिसत नाही, की आजोबा आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे आणि मऊ फडक्यानं पुसून द्यायचे. निम्म्या लोकांना तेवढ्यावरच दिसायला लागायचं, असं ते अभिमानानं सांगत. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता, म्हणून माझी भारी किंमत. पाहुण्यांना सांगायचे, ‘‘हा पठ्ठ्या आहे म्हणून मी अजून मोटार चालवतो.’’ मला बरं वाटायचं. कौतुक कुणाला आवडत नाही?

मग आजीच्या डोळ्याचं दुखणं निघालं. डाव्या डोळ्याच्या मधोमध सगळं वितळल्यासारखं दिसायचं. चष्म्याचं ते काम नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दोन तासांवरच्या दवाखान्यात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ‘‘खाडा करू नका. मधली नजर एकदा गेली की परत येत नाही.’’ म्हणजे आजीची नजर आजोबांच्या गुडघ्यावर आली आणि गुडघ्याचा भार माझ्यावर.

आणि नेमका तेव्हाच मी बिघडलो. म्हणजे सगळे तसं म्हणायचे.

पहिल्यांदा झालं ते दवाखान्यातून परतताना, हमरस्त्यावर. रस्ता मोकळा होता. वर आडवी लावलेली गावांच्या नावांची मोठी पाटी आली आणि मला वाटलं, समोर कुणीतरी उभं आहे. मोटारीनं कचकन ब्रेक मारला. मागच्या ट्रकचा भोंगा कानाशी वाजला. आजी पुढे हिंदकळली आणि तिनं पट्टी बांधलेल्या डोळ्यावर हात धरला. पुढे काही अंतरावर मीच पडद्यावर कबुली दिली की मला नीट दिसत नाही, मला बंद करा. मित्रांनो, दिसत नसताना दिसतंय म्हणणारा रडार माणसं मारतो. मी खरं बोललो, एवढाच माझा गुन्हा.

गॅरेजमध्ये नेलं. तिथल्यांनी तार जोडली, माझ्या पोटात साठलेली तक्रार मिटवली आणि म्हणाले, झालं काम. तक्रार मिटवली म्हणजे दुखणं गेलं का? चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नेलं, पुन्हा मिटवली. तिसऱ्यांदा तर मला उपटून नवा बसवायची भाषा सुरू झाली.

शेवटी आजोबांनी वायरमास्तरांना फोन लावला. मोटारींच्या विजेच्या कामात या माणसाचे केस पिकलेले, पण तेव्हा ते लेकीकडे गेले होते. तिकडून ओरडून म्हणाले, ‘‘घाईनं काही बदलू नका. आधी त्या रडारला नीट पुसा. मी आलो की बघू.’’

झालं! आजोबांनी चष्म्याचं फडकं काढलं.

रोज सकाळी ते वाकायचे, गुडघा धरून कण्हायचे आणि बंपरच्या जाळीतून बोट घालून मला पुसायचे. मग फवारा मारून पुसू लागले. मी इतका चकचकीत कारखान्यातसुद्धा नव्हतो. दिसायला मात्र काडीचाही फरक नाही. आजी दारातून म्हणायची, ‘‘अहो, त्याचं सालटं काढाल.’’ मला बंद ठेवून पुढच्या महिन्याच्या गुरुवारी आजोबा नुसत्या पायानं चालवायला निघाले, पण पाऊण तासातच गुडघा असा सुजला की मोटार परत फिरवावी लागली. इंजेक्शन चुकलं. दवाखान्यानं पुढचा सोमवार दिला आणि बजावलं, आता चुकवू नका.

शनिवारी वायरमास्तर आले. आजीही हट्टानं त्यांच्या वर्कशॉपमध्ये आली आणि काळा चष्मा लावून खुर्चीत बसली. मास्तरांनी विचारलं, ‘‘काय मग, पुसलं का त्याला?’’

‘‘रोज पुसतोय,’’ आजोबा म्हणाले.

‘‘मग काय म्हणतोय?’’

‘‘काय म्हणणार? चकचकीत आहे.’’

मास्तर गोंधळले. आधी हसली ती आजी. हसता हसता तिनं चष्मा काढून डोळे टिपले. ‘‘अहो, पुसा म्हणजे विचारा! मास्तर जुन्या वळणाचे आहेत, ते विचारत नाहीत, पुसतात. आणि तुम्ही पंधरा दिवस त्याला अंघोळ घालताय!’’ आजोबांचे कान लाल झाले.

मास्तरांनी तार जोडली, पण काही मिटवलं नाही. मला विचारलं, तू कुठे बघतोयस? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मी लगेच आकडा सांगितला. मी आभाळाकडे बघत होतो. थोडासाच, पण माझ्या कामात थोडं म्हणजे फार. मास्तरांनी बंपर काढला, तर मला धरून ठेवणारी पट्टी वाकलेली. बंपरवरचा रंगही नवा.

‘‘कुठे ठोकलीत?’’ मास्तरांनी विचारलं.

आजोबा फडक्याची घडी घालू लागले. आजीनं त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. ‘‘माझ्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा?’’

‘‘हो,’’ आजोबा हळूच म्हणाले. ‘‘दवाखान्याच्या वाहनतळात. खांबाला. तू आत होतीस. मग रंग मारून घेतला.’’

‘‘खांब दिसला नाही?’’

‘‘दिसला. पाय ब्रेकवर वेळेत गेला नाही.’’ गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, ‘‘गुडघा फार दुखतो गं. तुला सांगितलं असतं तर तू दवाखान्यात यायचंच सोडलं असतंस.’’

आजी रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं नुसता हात पुढे केला आणि तो आजोबांनी धरला. ‘‘सूनबाईला विचारू,’’ ती म्हणाली. ‘‘ती कधीची म्हणतेय, मी नेते म्हणून. आपणच तिला परकं केलं.’’

मास्तरांनी पट्टी सरळ केली, समोर तिकोना ठेवला आणि मला पुन्हा सरळ बघायला शिकवलं. सोमवारी मोटार सूनबाईनं चालवली. आजोबा मागच्या सीटवर पाय लांब करून बसले. तेव्हापासून एकही इंजेक्शन चुकलेलं नाही.

आता माझा पल्ला पूर्वीचा राहिला नाही. गारठ्यात जड वाटतं, धुक्यात अडखळतो. कधीतरी मला काढतीलच, त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, एक विनवणी आहे. घरातलं यंत्र असो की माणूस, मला जमत नाही म्हणालं तर त्याचं तोंड बंद करू नका आणि वरवरची सफाईही करू नका. जवळ बसून विचारा, नेमकं काय होतंय. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर खरं सांगा.

गेल्या गुरुवारी वळणावर एक लाल ट्रक बंद पडून उभा होता. वळणापलीकडचं मला दिसत नाही, आम्हा रडारांचं ते जन्माचं दुखणं. पुढच्या सीटवरून आजी म्हणाली, ‘‘सूनबाई, सावकाश. समोर लाल काहीतरी उभं आहे.’’ सूनबाईनं वेग कमी केला. मागून आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘कुठल्या डोळ्यानं दिसलं?’’

आजीनं उजवा डोळा तळहातानं झाकला आणि पुन्हा समोर बघितलं. ‘‘डाव्या,’’ ती म्हणाली.

मला तो ट्रक अजून दिसायचा होता.