मुदतीआधी

"काका, थोडी वर्षं कळ काढा ना. आत्ता मोडलीत तर भरलेले पैसेसुद्धा पुरते हातात यायचे नाहीत," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"पॉलिसीवर कर्ज मिळतं. विमाही चालू राहील."

"आणि फेडणार कोण? खिळे ठोकून ठोकून मनगट गेलंय माझं. मोडा तुम्ही."

एरवी हा माणूस इतक्या थोडक्यात आटोपणारा नव्हता. सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचा त्याचा धंदा, आणि बाजारात त्याला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या घरी खुर्चीचं जुनं कापड उसवता उसवता तो त्या घरातल्या सगळ्या नात्यागोत्याची चौकशी करून मोकळा व्हायचा. ओठांत खिळे धरलेले असले तरी बोलणं चालूच. आज मात्र तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून नुसता उभा होता.

मुलीनं आत निरोप धाडला असावा, कारण त्याचा मेहुणा लगबगीनं बाहेर आला. बायकोचा हा धाकटा भाऊ याच कंपनीचा एजंट होता. नवीन काम धरलं तेव्हा त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळेना, म्हणून भाऊजींनी ही पॉलिसी उतरवली होती.

"भाऊजी, बसा इथं. काय चाललंय हे? मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू येऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं! वारस म्हणून ताईचं नाव आहे त्यात. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तिनं काय करायचं?"

"बरंवाईट झालं तर चार माणसं येतील तिला धीर द्यायला. त्यांचं बोलणं ऐकू यायला नको तिला?"

मेहुण्याला अर्थ लागेना.

"तुझ्या ताईला कानाची मशिनं घ्यायचीत," तो म्हणाला. "दोन्ही कानांची. मागं स्वस्तातलं आणलं होतं, ते शिट्ट्या मारायचं. आता चांगली घ्यायचीत."

"अहो, पण ताईचं कुठं अडतंय? समोरच्याच्या ओठांवरून सगळं कळतं तिला."

ते खरंच होतं. तिची उमेदीची सारी वर्षं कापडगिरणीत गेली होती. तिथं मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींच्या ओठांवरून सासवांच्या कागाळ्या वाचायच्या. कान गेले तरी तिचं काही बिघडलं नाही, ते त्यामुळेच. पण टेलिफोनला ओठ नसतात.

"पोरीच्या फोनचं तुला कुणी सांगितलं नाही वाटतं," असं म्हणून त्यानं मेहुण्याला ते सांगितलं.

त्यांची मुलगी लांब राहायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. एरवी ती व्हिडिओवर बोलायची. तोंड दिसलं की आईला समजायचं. त्या दिवशी तिनं साधाच फोन केला. चेहरा दाखवायची तिची तयारी नसावी. नेमका आईनं उचलला. मुलगी म्हणाली होती, "आई, मला दिवस गेले होते गं. पण नाही राहिलं."

आईच्या कानांत त्यातलं 'दिवस गेले' तेवढं शिरलं. "अगं बाई! किती छान झालं! कुणाची दृष्ट नको लागायला. जप हो आता, जड उचलू नकोस," असं ती हसत हसत बोलतच राहिली. "अहो, ऐकलंत का, दिवस गेलेत आपल्या पोरीला!" म्हणून तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याला पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं.

खरं काय ते त्यानंच संध्याकाळी तिला समोर बसवून सांगितलं. ती रडली नाही. फक्त तेव्हापासून फोन वाजला की ती भांडी घासायला उठायची, घासलेली असली तरी. व्हिडिओ लावला तरी तोंड फिरवायची. मुलीनं दहादा विचारलं, "आई रागावलीय का माझ्यावर?" उत्तर देता देता तो थकला होता.

मेहुणा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं भाऊजींच्या हातातला अर्ज घेतला, खिशातून पेन काढून दिलं, कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं आणि कागद स्वतः आत नेऊन दिले.

घरी मात्र स्फोट झाला.

"माझ्या नावाची होती ना ती? मग मला विचारलंत?" बायको म्हणाली. "बहिरी झालेय मी, मेले नाही अजून."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! उद्या तुम्ही डोळे मिटलेत तर मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू? भावाच्या?"

तिला ओठ दिसावेत म्हणून तो सरळ तिच्यासमोर आला आणि सावकाश म्हणाला, "ते मला ठाऊक नाही."

मग अबोला. ताट वाढायची, समोर सरकवायची, वर बघायची नाही. आणि ती बघत नाही म्हटल्यावर त्यालाही बोलता येईना. पैसे खात्यात जमा झाले त्या सकाळी तिनं आपणहून पर्स घेतली आणि दारात उभी राहून म्हणाली, "कुठं मिळतात ती मशिनं? ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ."

दुकानातल्या डॉक्टरीणबाईंनी मशिनं बसवली, संगणकावर काहीबाही जुळवलं आणि त्याला म्हणाल्या, "आता तुम्ही बोला काहीतरी."

आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाला ऐन वेळी काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "चहा घ्यायचा का?"

"तुमचा आवाज म्हातारा झालाय हो," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती जराही टेकली नाही. त्याला तिनं पंखा बंद करायला लावला; फार घरघरतो म्हणाली. मग स्वतःच मुलीचा नंबर लावला.

"मी बोलतेय. नाही गं, बाबा नाहीत, मीच." थोडं थांबून म्हणाली, "येतंय ऐकू. नीट येतंय."

तिनं पदर आवरला आणि खुर्चीच्या कडेला बसली.

"त्या दिवशी मला सांगत होतीस ना, ते पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग. मी ऐकतेय."

तो बाहेर आला आणि दार ओढून घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला. बराच वेळ आतून काहीच आलं नाही. मग तिचं 'हं' ऐकू आलं. थोड्या वेळानं आणखी एक.