गोलची जाळी मेंढवाड्यात

स्थिर राहा म्हणाल तर ते मला जमायचं नाही. मी फुटबॉलच्या गोलची जाळी आहे. वारा आला तरी हलते, कोणी शिंकलं तरी हलते. पण गेलं वर्षभर मला हलवतं कोण? मेंढ्या! अंग घासतात, लोकर चिकटवतात आणि पाठ फिरवून रवंथ करत बसतात. सांगा, जीव रमेल का माझा?

माझा जन्म कारखान्यात, नायलॉनच्या दोऱ्यांतून झाला. दौंडच्या मैदानावर आले तेव्हा पांढरीशुभ्र होते. मुलींची फुटबॉल लीग सुरू होत होती. पोरींना खेळायचा पगार मिळणार, या बातमीनं शिरूरपासून दौंडपर्यंत घराघरांत वाद पेटले होते. लीगचे अध्यक्ष आनंदराव, मोठे बागायतदार. "आमच्या लेकी ग्राऊंड गाजवणार!" असं ते गरजले, आणि लेकींनी खरंच गाजवलं.

प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांच्या गोलकीपर आलटून पालटून माझ्यापुढं उभ्या राहायच्या. माझा जीव जडला तो शिरूर संघाच्या अपेक्षावर. मांडवगण फराट्याच्या धनगराची पोर, उंच, हडकुळी, माझ्यासारखीच चुळबुळी. आमच्या नात्यात एक मोठी खोट होती. चेंडू येऊन आदळला की माझं सगळं अंग शहारतं, तेच माझं सुख. आणि त्याच क्षणी माझ्यापुढची पोर मान खाली घालते. एका घरात एकीचा सण आणि दुसरीचं सुतक, असा आमचा संसार.

पहिल्या सामन्याला तिची आई बानूबाई आली. तिचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. मला बघताच ती ओरडली, "अगं बया, ही तर आपली वाघर!" मेंढ्या कोंडायच्या जाळीला धनगर वाघर म्हणतात. एवढ्यात दौंडच्या पोरीनं मारलेला चेंडू अपेक्षाच्या हाताखालून माझ्यात शिरला. बानूबाई उभी राहून टाळ्या पिटायला लागली, "आली गं, आत आली!"

सगळं मैदान हसलं. अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, आत आली म्हंजी आपुन हारलो!"

"आत आल्यावर कुठं हारत्यात व्हय? भायेर ऱ्हायली तर लांडगा न्हेतो!"

पुढं बानूबाई खेळ शिकली. प्रत्येक सामन्याआधी माझ्या गाठीला चिमूटभर भंडारा लावायची आणि म्हणायची, "आज कुणालाबी आत घिऊ नगंस." मी मनातल्या मनात चडफडायचे. पण अपेक्षा हवेत झेप घ्यायची तेव्हा मी चेंडूची भूकसुद्धा विसरायचे. शाळेतल्या पोरी कुंपणाला लटकून तिच्या नावानं घसा फोडायच्या.

मग निवडणूक आली, आनंदराव निवडून आले आणि गरज सरो, वैद्य मरो झालं. आधी पोरींची बस बंद पडली, मग मैदानावरचे दिवे गेले. दौंडची कप्तान प्रतिभा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, पुढची मॅच कधी?"

"बघू की, पोरी. जरा दम धर."

पोरींनी दम धरला. मैदानावर लग्नाचे मांडव पडू लागले आणि मला काढून भिंतीशी फेकलं. एके दिवशी अपेक्षा तिचे हातमोजे न्यायला आली. माझ्यापाशी उकिडवी बसली, माझा पीळ सोडवत राहिली. रखवालदार म्हणाला, "न्या ताई, न्हाईतर उंदरं खात्याल."

अशी मी मांडवगणला आले आणि खरोखरच वाघर झाले. अपेक्षा कंपनीत शिफ्टला जाऊ लागली. हातमोजे खुंटीवर धूळ खात होते. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "बास झालं आता खेळणं." ते ऐकलं की माझ्या गाठी आवळायच्या. मी रागानं फडफडायचे, पण मेंढ्यांखेरीज ऐकणार कोण?

गेल्या आठवड्यात माझ्या विणीतल्या एका फाटक्या घरातून एक कोकरू निसटलं आणि रस्त्याकडं सुसाट सुटलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. अपेक्षा नुकतीच कामावरून आली होती. तिनं डब्याची पिशवी टाकली आणि आडवी झेप घेतली! कोकरू छातीशी धरून धुळीत लोळली. तशीच पडल्या पडल्या हसली, आणि मग हुंदके देऊन रडली.

बानूबाई वैरणीची पाटी घेऊन बघत उभी होती. "ह्ये कंपनीत शिकिवत्यात व्हय गं?"

अपेक्षानं कोकरू वाड्यात सोडलं. दौंडला येत्या रविवारी रेल्वेच्या फुटबॉल संघाची निवड आहे, असा प्रतिभाचा फोन येऊन गेला होता. अपेक्षा नाही म्हणाली होती.

आज सकाळी बानूबाईनं मला खुंट्यांवरून सोडलं. "मेंढ्यांना काट्यांचं कुपाट चालंल. लेकीला न्हाई चालायचं." तिनं मला दोन कडुलिंबांमध्ये ताणून बांधलं, फाटलेलं घर स्वतः विणलं, गाठीला भंडारा लावला. मग खुंटीवरचे हातमोजे लेकीच्या अंगावर फेकले.

"हुबी ऱ्हा. मी मारते."

"आये, तुला जमंल का?"

"बडबड नगं. आडव!"

आता बानूबाईनं पदर खोचलाय. चपला काढून पायापुढं चेंडू ठेवलाय. अपेक्षा माझ्यापुढं वाकून उभी आहे, बोटं चाळवतेय. वर्षभर मला चेंडू शिवलेला नाही. माझं अंग अंग भुकेलंय. तरी पोरी, एवढं ऐक. आजही आणि रविवारीही एकसुद्धा आत येऊ देऊ नकोस.

मला उपाशी ठेव.