खुंटीवरचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. आजवर माझ्यातून जे जे बाहेर पडलं ते दुसऱ्याचं होतं. हे तेवढं माझं स्वतःचं.

मी पांढऱ्या प्लास्टिकचा, तोंडाला लाल कडा, खांद्याला अडकवायला पट्टा. कोरगावच्या युवक मंडळाने मला डिचोलीच्या बाजारातून आणलं. दुकानदाराने माझ्यात 'हॅलो, हॅलो' म्हणून पाहिलं, तेव्हा समोरच्या हॉटेलातला माणूस दचकून चहा सांडून बसला. मधुकर पोट धरून हसला. मंडळाचा प्रमुख तोच. परतताना बसमध्ये त्याने मला मांडीवर घेतलं होतं.

पुढची वर्षं मी त्याच्या आवाजाने भरलेला होतो. काजूच्या डोंगराला आग लागो, रक्तदान असो, मधुकर मला तोंडाशी धरी आणि गाव हले. सगळ्यात मोठं काम बंधाऱ्याचं. पाऊस सरला की व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मातीच्या गोणी रचून पाणी अडवायचं. ते अडलं तरच वायंगण, म्हणजे हिवाळ्यातलं भात, पिकतं. नाहीतर शेतं पडीक. कुठली गोण कुणी उचलायची तेही मधुकर नाव घेऊन सांगे. लोक ऐकत. कुणाला काही विचारायची वेळच येत नसे.

यंदा श्रावणात तो गेला. तापाचं निमित्त झालं.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या बायकोने, सुमंगलाने, मला खुंटीला लावलं. मंडळातलं कोणी मला मागायला आलं नाही. संकोच वाटत असावा. घरात ती आणि मी. एका दुपारी तिने मला खाली घेतलं, बटण दाबलं आणि कानाशी धरून बसली. माझ्यात थोडी खरखर होते, तेवढीच तिला ऐकू आली. मी आवाज मोठा करतो, साठवत नाही. पण हे तिला कसं सांगणार? तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि पुन्हा टांगलं.

दिवाळी झाली तशी शेजारची सेजल दाराशी येऊन घुटमळली. ती डिचोलीला स्वयंसेवकांचं नेतृत्वाचं शिबिर करून आली होती आणि मंडळाने यंदाचा बंधारा तिच्यावर सोपवला होता.

“काकी, माका भोंगो होयो.”

सुमंगलाने नुसता खुंटीकडे हात केला.

शनिवारी संध्याकाळी देवळासमोर गाव जमला. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाकडे मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते झालं आणि सेजल माझ्यातून बोलायला लागली. उद्या सकाळी सगळ्यांनी व्हाळावर यायचं, फावडी आणायची. गाऱ्हाण्याची लय अजून लोकांच्या तोंडात होती. तिच्याही प्रत्येक वाक्याला मागून ‘व्हय म्हाराजा’ येत गेलं. थोडं हसू झालं. पण तिला तो होकार वाटला. मलाही वाटला.

रविवारी व्हाळावर आम्ही दोघंच. ऊन वर आलं तरी ती हाका मारत होती. पाणी आपल्या वाटेने नदीकडे चाललं होतं. शेवटी आला तो सखाराम, तोही गुरं घेऊन. मधुकरचा जुना सोबती, तोंडाने फटकळ.

“गो चेडवा, मधूचो भोंगो हाडलंस. त्याचो आवाज खंयसून हाडतलंस?”

भोंगा आणलास, पण त्याचा आवाज कुठून आणशील, हा त्याचा टोमणा. मग काल सगळे ‘व्हय म्हाराजा’ कशाला म्हणालात, असं तिने विचारलं.

“ता आमी निजेत पण म्हणतंव.”

ती रडेल असं मला वाटलं. ती काठावर बसली आणि तिने माझं बटण बंद केलं. प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहायचं, असा एक खेळ शिबिरात घेतला होता म्हणे. तिथे तो कुणालाच जमला नव्हता. हे तिने नंतर सुमंगलाला सांगितलं.

“व्हय म्हाराजा नाका, सखाराम काका,” ती म्हणाली. “तुमी काय करतल्यात ता सांगा.”

आणि ती गप्प राहिली. सखारामने गुरांना हटकलं, विडी पेटवली, अर्धी ओढून विझवली. ती गप्पच.

“मधुकरान कधी विचारूक नाय,” तो अखेर म्हणाला. आता त्यात टोमणा नव्हता. गोणी भरायला माणसं मी आणतो, पण कोणती ते मीच ठरवणार, असं सांगून तो गेला.

संध्याकाळी ती घरोघर फिरली. मी तिच्या खांद्यावर, मुका. प्रत्येक पडवीत तोच प्रश्न आणि तेच थांबणं. कुणी सबबी सांगितल्या, कुणी मंडळावरचे जुने राग काढले, पण बहुतेकांनी शेवटी आपापलं काहीतरी कबूल केलं. सगळ्यात शेवटी आम्ही सुमंगलाकडे आलो.

“काकी, तुमी काय करतल्यात?”

श्रावणापासून या घरात येणारा प्रत्येकजण सुमंगलाला सांगून गेला होता. जेव, निज, धीर धर. विचारलं कुणीच नव्हतं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“फळी कधी काढूची, कधी घालूची,” ती म्हणाली, “ता मी बघीन.” बंधाऱ्यातल्या त्या फळीवरच शेतांत किती पाणी जाईल ते ठरतं.

बंधारा झाला. मी तो पाहिला नाही; त्या संध्याकाळी जाताना सेजलने मला पुन्हा खुंटीला लावलं होतं. मधुकरच्या वेळेसारखा सरळ नाही म्हणतात, मधे जरा वाकला आहे, आणि बांधताना भांडणंही पुष्कळ झाली. पण पाणी अडलं, वायंगणाची लावणी झाली. मला न्यायला कोणी आलं नाही. या खेपेला संकोच नव्हता, कुणाला माझी आठवणच झाली नाही.

माझी तक्रार नाही. डोंगराला आग लागली तर मला जरूर घ्या, तेव्हा विचारत बसायला सवड नसते. एरवी माणसाने माणसाकडे चालत जावं. आणि जमलं तर माझ्या पोटातले सेल काढून ठेवा. ते पाझरायला लागलेत.

सकाळी सुमंगला दार ओढून घेते आणि फळी बघायला जाते. वाटेत कोणीतरी तिला काही विचारतं, ती थांबून उत्तर देते. शब्द इथवर पोचत नाहीत. मग पावलं दूर जातात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत या घरात आम्ही दोघं एकटे होतो. आता मी एकटाच आहे.