तापाला शेक

मी शेकायची पिशवी बोलतेय. तीच ती, लाल रबराची, पोटाने गोल आणि मानेने आखूड. हसताय काय? तुमच्यासारख्यांच्या कंबरांची सगळी गाऱ्हाणी मला तोंडपाठ आहेत. बोलायला लागले तर पळता भुई थोडी होईल!

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा पाठीवर छापलं, 'उकळते पाणी भरू नये'. तेवढीच माझी विद्या. पुढे शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि पुढचं ऐकलंत तर म्हणाल, बरंच झालं.

औषधाच्या दुकानातून मला एका इस्त्रीवाल्या बाईने आणलं. दिवसभर उभं राहून तिची कंबर धरायची. संध्याकाळी ती मला पाठीशी घेऊन "हुश्श" करायची, की मी धन्य. नवरा म्हणायचा, "माझ्यापेक्षा हिच्यावर जीव जास्त!" खोटं नव्हतं ते.

बाईला जुळ्या मुली, दोघी एकाच वर्गात. थोरली काही मिनिटांनीच मोठी, पण ताईपणाचा तोरा आजीबाईचा. धाकटीला वेड शनीच्या कड्यांचं. वर्षभराच्या चाचण्यांत जिचे गुण सगळ्यांत जास्त, तिला शाळा वेधशाळेत नेणार होती, मोठ्या दुर्बिणीतून आकाश बघायला. धाकटी त्यासाठी जीव तोडून अभ्यास करायची.

आणि थोरली? चाचणीच्या सकाळी ती मला पळवायची, गरम पाणी भरून पांघरुणात कपाळावर धरायची. आईची पावलं वाजली की मी गुडुप पायाशी! इस्त्रीने आईच्या हातांना घट्टे पडलेले, म्हणून ती ताप गालाने बघायची. घरात थर्मामीटर आणू देईना. "आईच्या गालाला कळत नाही, ते काचेच्या कांडीला कळणार?"

मला वाटलं, शाळा बुडवायची साधी खोडी. खोडीला आपली कधीच ना नाही.

पण संध्याकाळी धाकटी यायची, दप्तर टाकून आधी उशाशी बसायची.

"ताई, बरं वाटतंय?"

"पडून पडून कंटाळले गं. काय काय विचारलं, सांग ना."

धाकटी बिचारी एकूण एक गणित सांगायची. आजारी मुलांची चाचणी वर्गाच्या बाई नंतर घ्यायच्या आणि पेपर तोच द्यायच्या. "तापातून उठलेल्या लेकराला नवा पेपर कसला?" म्हणे. बाईंचं मन लोण्याचं. डोकंही बहुधा त्याचंच. थोरलीला पैकीच्या पैकी!

शेवटच्या चाचणीला धाकटी कंपासपेटी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. बघते तर मी ताईच्या कपाळावर.

"हे काय गं?"

"शेक घेतेय."

"तापाला कुणी शेक घेतं? गार पट्टी ठेवतात!"

थोरलीने मला पांघरुणात ओढलं. मग म्हणाली, "जा, सांग आईला. बघू, ती तुझं ऐकते की स्वतःच्या गालाचं."

धाकटीने सांगितलं. इस्त्री न थांबवता आई म्हणाली, "माझ्या गालाला कळत नाही होय? सख्ख्या बहिणीचा एवढा हेवा?" मी खुंटीवर लटकून ऐकत होते. ओरडावंसं वाटलं, पण तोंडाला बूच.

शनी थोरलीने पाहिला. "एवढुसा तर दिसतो," म्हणाली घरी येऊन. धाकटीने कड्यांबद्दल एक शब्द विचारला नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या चाचणीच्या सकाळी माझं बूच उघडलं ते हात वेगळे होते. पाणी भरताना निम्मं बाहेर सांडलं. धाकटी! अगं, तू सुद्धा? पांघरुणात तिने मला कपाळावर दाबून धरलं. आई आली, गाल टेकवला.

"अगं बाई, भाजतंय नुसतं! झोप गं माझी बाय."

खरं बोलली तेव्हा पोर हेवेखोर ठरली, आणि आज तोंडातून शब्द न काढता खरी ठरली. थोरली दप्तर घेऊन दारात उभी. आज पेपर तिला आधी सोडवायचा होता.

आता चाचणी आली की दोघी माझ्यासाठी झोंबतात. ज्या कंबरेसाठी मला आणलं, ती कंबर दुखत राहते आणि मी पोरींच्या कपाळावर. एवढी फसगत कुठल्या पिशवीची झाली नसेल.

म्हणून विनवते, टाचणी असेल तर आणा. कोमट पाणी भरून मी आईच्या पाठीशी असेन, तेव्हा खुशाल टोचा; फुटक्या पिशवीने कुणाला ताप येत नाही. तिच्या गालाला नाही कळलं, निदान पाठीला तरी कळू दे.