धुराआधीचा उखाणा

पहाटे पारा फारच उतरला, तेव्हा सहादूने काडेपेटी खिशात घातली. पिंपळगावच्या शिवारात थंडी कडाडली की द्राक्षबागेत ओळींच्या मधोमध भुसा आणि ओला पाला पेटवतात. जाळ नको, धूर हवा. धूर मांडवाखाली दाटला की ऊब टिकते आणि मणी तडकत नाहीत.

घर बागेतच होतं. गेल्या हिवाळ्यात याच धुराने त्याच्या बायकोची, कुसाबाईची, छाती भरली. तिने दुखणं अंगावर काढलं. शेवटी नाशकात द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि वाचवलेल्या बागेचा पैसा तिथेच संपला. तेव्हापासून दम लागला तरी ती सांगत नसे.

"आई, बरं वाटतंय ना?" सून योगिनीने विचारलं.

"हं."

योगिनी थबकली. दूधवाल्यालाही दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय न सोडणाऱ्या सासूबाई कालपासून नुसती मान हलवत होत्या. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, एका दमात वाक्य पुरं होत नसेल तर वाट पाहू नका.

सरळ विचारून उपयोग नव्हता. योगिनीने चहा आणला, पण कप हातातच ठेवला.

"आधी नाव घ्या, मग चहा."

कुसाबाईने हातानेच नको म्हटलं.

"का, विसरलात?"

अंगणातून सहादू हसला. "तिच्या नादी लागू नको, पोरी. हळदीकुंकवात बाकीच्या दमायच्या, ही नाय."

आता माघार घेणं कुसाबाईला जमणार नव्हतं. तिने पदर सावरला.

"मांडवाच्या तारेला... द्राक्षाचे घड..." मानेच्या शिरा ताठरल्या. "सहा..."

नाव अर्ध्यातच तुटलं. तिने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

सहादू आत आला. "कवापासून हाय हे?"

तिचा हात उशीकडे गेला. योगिनीने उशी उचलली. खाली दम्याचा पंप होता. दाबून पाहिला, तर रिकामा.

"नवा आणायला सांगायचं नाही का, आई?"

"लय... महाग." कुसाबाईने बागेकडे बोट केलं. "पेटवा. ऊन... यायच्या आत."

शेजारच्या निवृत्तीच्या बागेतला धूर बांध ओलांडून अंगणात शिरत होता. सहादू दारात उभा राहिला. समोर वर्षभराचं पीक लटकत होतं.

"पेटवा... म्हणते ना. माझ्यापायी... परत..."

"गप. बोलू नको." त्याने काडेपेटी कट्ट्यावर ठेवली. "मागच्या साली बाग वाचवली अन् समदी दवाखान्यात घातली. तुला बी अर्धीच घरी आणली."

योगिनीचा नवरा महेश पुण्याला नोकरीला होता. पिकअप योगिनीनेच काढली. काचा लावल्या, सहादूने कुसाबाईच्या नाकाशी ओला पदर धरला. रस्त्यावर धुरामुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. निवृत्तीने सहादूला हात केला. "तात्या, बाग उघडी टाकून कुठं निघालास?"

योगिनीने गाडी थांबवली नाही.

गावातल्या दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने छातीतली शिट्टी मंदावली. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "आता नाशिकला न्यायची गरज वाटत नाही."

तेवढ्यात निवृत्तीचा फोन आला. सहादूने भिंतीकडे तोंड करून ऐकलं आणि फोन ठेवला.

कुसाबाईने मास्क वर केला. "बाग?"

"हाय."

"किती?"

"हाय तेवढी." त्याने मास्क परत तिच्या नाकावर बसवला. "तू दम घे."